चिमटीतलं मेण

कवळीकाकांना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडणार नाही. चहा ते उभ्याने पितात, पेपर चालता चालता वाचतात, आणि केस कापायला गेले की न्हावी त्यांचे केस कापत नाही, त्यांचा पाठलाग करतो. थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, लहानपणीच त्यांचं नाव भिंगरी ठेवलं. आता साठी उलटली, डोक्यावर न्हाव्याला करण्यासारखं फारसं काही उरलं नाही, तरी आक्का त्यांना भिंगरीच म्हणते आणि तेही निमूटपणे ओ देतात.

कवळीकाका म्हणजे कवळ्या करणारे काका. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे त्यांची खोली आहे, तेच त्यांचं दुकान. एक लांब टेबल, स्पिरिटचा दिवा, प्लास्टरचं पोतं, प्लास्टरनेच निम्मं बुजलेलं बेसिन, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले जबडे. खोलीत पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की आपल्याला कुणीतरी हसतंय. ते खरंच असतं. जबडे हसतच असतात, त्यांना दुसरं काही येत नाही.

डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचा साचा घेतात. काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, त्यावर मेणाची कड चढवतात आणि त्या मेणात तयार दात एकेक करून रोवतात. ही मेणाची कवळी पेशंट घालून बघतो. पटली तर मेण काढून त्याजागी कडक गुलाबी हिरडी येते, मग घासणं, पॉलिश करणं, झालं. पण सगळा खेळ मेणातला. दात कुठे झुकला, कुठे वळला, त्यावर माणूस हसताना माणूस दिसणार की दुकानातली बाहुली, हे ठरतं.

काकांची एक खोड होती. पुढच्या दातांतला एक दात ते मुद्दाम केसभर वाकडा बसवत. "सगळे सरळ बसवले तर ते तोंड नाही दिसत, कुंपण दिसतं," असं ते म्हणत. कुठला दात वाकडा करायचा हे माणूस बघून ठरे, आणि तो कुठला हे ते कुणाला सांगत नसत. आमच्या गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं आहे. त्यात माझी खालची बाजू धरा.

मेण गार असलं की तडकतं. म्हणून त्याचा छोटा तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून गोल गोल मळायचा, ऊब देऊन मऊ करायचा आणि मग वापरायचा. काकांनी हे जन्मभर केलं. दुकानात केलं, रस्त्यात केलं, लोकांच्या घरी सांत्वनाला गेले तिथेही केलं. खिशात मेण, विजारीच्या शिवणीत मेण, इस्त्रीला मेण. काकू त्यावरून जन्मभर करवादल्या.

त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घरीसुद्धा आपोआप एकमेकांवर फिरायला लागली, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काका टीव्हीपुढे उभे आहेत आणि चिमूट फिरतेय. बँकेच्या रांगेत आहेत आणि चिमूट फिरतेय.

"अहो, घरी आलात ना? ठेवा की ते मेण खाली!" काकू ओरडायच्या.

"ठेवतो, ठेवतो," काका म्हणायचे.

कितीतरी महिने हे असं चाललं. एके संध्याकाळी काकूंच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि एकेक बोट उघडलं.

आत काही नव्हतं.

"मेण कुठंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी हाताकडे पाहिलं. "इथंच होतं."

मग दोघंही खाली वाकली आणि खुर्चीखाली मेण शोधू लागली. बराच वेळ शोधलं. सतरंजी झटकली, सोफा सरकवला. मेण नाही हे दोघांनाही केव्हाच कळलेलं होतं; पण शोधणं थांबवायचं म्हणजे पुढचं काहीतरी बोलायला लागणार होतं, आणि त्यासाठी कुणी तयार नव्हतं. सोफ्याखाली हरवलेली चमच्यांची जोडी मात्र सापडली.

मेंदूच्या डॉक्टरांनी काकांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, नावाची सही करायला लावली. सही मुंगीएवढी आली. कंपवात, डॉक्टर म्हणाले. हा आजार जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो, व्यायाम करा, चालत राहा.

"ते सांगायला नको," काकू म्हणाल्या.

"आणि ध्यान करून बघा."

काकूंना एकदम हसू फुटलं. एवढ्या गंभीर खोलीत कुणी हसलेलं त्या डॉक्टरांनी बहुधा प्रथमच ऐकलं असावं. "ह्यांना? ध्यान? डॉक्टर, हे झोपेतसुद्धा चादर चालवत चालवत माझ्या बाजूला आणतात!"

"गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांच्या जोडीला," डॉक्टरांनी समजावलं. "काळजी, घाई, चिडचिड वाढली की कंप वाढतो. मन थोडं निवलं तर कंप सोसायला सोपा जातो. जाईल असं म्हणत नाही मी. आमच्याकडे दर आठवड्याला एक वर्ग असतो."

काकांनी मान डोलावली. चिमूट रिकामीच फिरत होती.

याच सुमारास आक्काचे उरलेसुरले दात काढावे लागले.

आक्काविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच भिंगरीला वाढवलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. "नमस्कार, कोणता नंबर हवाय?" हे वाक्य तिने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की घरी भाजी वाढतानाही तोंडातून निघून जायचं. तिचा आवाज ऐकून लोक नंबर विसरायचे. निवृत्तीनंतर ती रोज दुपारी अंधांच्या वसतिगृहात जाऊन पुस्तकं वाचून दाखवायची. तिथल्या मंडळींनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी आक्का म्हणजे नुसता आवाज.

दात गेले आणि तो आवाजच गेला. 'नमस्कार' म्हणायला गेली की फुस्स करून निम्मा शब्द हवेत जायचा. एकदा वसतिगृहात वाचायचा प्रयत्न केला, पानभर फुसफुसली, पुस्तक मिटलं आणि घरी आली ती घरीच बसली. सूप आणि कुस्करलेलं केळं खायची, कुणी आलं की तोंडावर हात धरायची. आणि एकच धोशा लावून बसली:

"दात घालीन तर भिंगरीच्या हातचे. नाहीतर हे बोळकंच बरं."

डॉक्टरीणबाई समजावायला गेल्या. "आक्का, हल्ली मोठी लॅब आहे, मशिनवर होतं सगळं. काकांना जरा आराम..."

"त्या मशिनने मला लहानपणी हसताना पाहिलंय?" आक्का तोंडावर हात धरून म्हणाली.

बाई आल्या तशा परत गेल्या. आणि 'आराम' हा शब्द काकांच्या कानावर पडला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांची फळी जबड्यांसकट उचलून नेतंय. तसं उचलून नेणं सुरूही झालं होतं. नवीन साचे गुपचूप लॅबकडे जाऊ लागले होते. आक्काचा साचा तेवढा टेबलावर राहिला. काकांना माहीत होतं की ही कवळी जमली नाही तर आपण ती दुसऱ्याला देऊ, आक्का ती घालणार नाही, आणि तिचा आवाज कायमचा घरात कोंडून राहील. याहून जास्त त्यांना काही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

म्हणून काका ध्यानाला लागले. कसे लागले, ते ऐकण्यासारखं आहे.

मेंदूच्या डॉक्टरांकडच्या वर्गात खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. वर्ग घेणाऱ्या बाई मृदू आवाजात 'श्वास आत, श्वास बाहेर' म्हणायच्या, म्हणून काकांनी त्यांचं नाव श्वासबाई ठेवलं. शेजारी एक ट्रकवाला होता. जुन्या साखरेच्या आजाराने त्याच्या पायांच्या नसा बिघडल्या होत्या, तळवे रात्रंदिवस पेटल्यासारखे जळायचे. पलीकडे डोकेदुखीने काळा चष्मा लावून बसणारे गणिताचे सर होते. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हात मांडीवर सैल सोडा," श्वासबाई म्हणाल्या.

आता या आजाराची एक वात्रट सवय अशी, की हात कामात असला की कंप बऱ्यापैकी दबून राहतो, आणि हात मांडीवर स्वस्थ ठेवला की तो उसळतो. काकांनी हात सैल सोडला मात्र, हाताने मोकळा श्वास घेतला आणि तालात थापा मारायला सुरुवात केली. विजारीवर थप थप थप. काकांनी तो डाव्या हाताने दाबला. मग खांदा हलायला लागला. खांदा आवळला तर खुर्ची कुरकुरायला लागली.

"काका," ट्रकवाला डोळे न उघडता कुजबुजला, "तिसरा गिअर टाकलाय, जरा चढ आला वाटतं."

गणिताच्या सरांनी डोकेदुखीतूनही एक हुंकार दिला. काका दातओठ खात बसले. घरी येऊन त्यांनी निकाल दिला: "मी बसलो की हात जास्त हलतो. ध्यानाने आजार वाढतोय!"

पण आक्काचा साचा टेबलावर होता. काकूंनी घरची आघाडी सांभाळायचं ठरवलं.

काकूंचा स्वभाव असा, की काम हातात घेतलं की ते त्या कामाची दैना होईपर्यंत सोडायच्या नाहीत. त्यांनी दारावर 'ध्यान चालू आहे' अशी पाटी लावली, ती वाचून येणाजाणारे 'कुणाचं?' असं विचारायला आत यायला लागले. घंटी बंद केली, तर दूधवाला दार धडाधडा वाजवायला लागला. फ्रिज घुरघुरतो म्हणून तो बंद केला, तर दूध नासलं. मग नासलेल्या दुधावरून त्या हलक्या आवाजात, खूप वेळ बोलत राहिल्या. काका भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे आणि काकू दर थोड्या वेळाने दारातून डोकावायच्या.

"झालं का शांत?"

"होत होतो!"

"मग ओरडता कशाला?"

दूरगावच्या लेकीने फोनवर समुद्राच्या लाटांचा आवाज पाठवला. तो लावून बसले की काकांना हटकून लघवीला लागायचं. मग जंगलातल्या पक्ष्यांचा आवाज आला. त्यातला एक पक्षी थेट डॉक्टरीणबाईंच्या दात घासायच्या मशिनसारखा ओरडायचा, आणि काका डोळे मिटून कामाच्या चिंतेत बुडून जायचे. लेक रोज विचारायची, "बाबा, फरक पडला?" काका म्हणायचे, "हो. समुद्र आवडेनासा झाला."

यात खरं हसण्यासारखं काही नव्हतं, कारण दुकानात तोवर काही घडत नव्हतं. काका दात चिमटीत घ्यायचे, मेणाची सुरी दिव्यावर तापवायचे, मेणात दाताएवढा खळगा करायचे. इथपर्यंत हात मुकाट असायचा. मग दात नेमका जागेवर न्यायचा क्षण यायचा, काकांच्या मनात यायचं 'आता हलू नको', आणि हाताला नेमकं 'हल' एवढंच ऐकू यायचं. दात तिरपा रुतायचा, नाहीतर बोटं अशी लाकडासारखी अडायची की सुरी मेणात रुतून बसायची. एकदा डॉक्टरीणबाईंनी दारातून नुसतं डोकावलं, तर पुढचा दात चिमटीतून सुटून प्लास्टरच्या बादलीत गेला. काकांनी बादली उपसली. हाताला गाढवा म्हणाले. मग टेबलावर हात आपटला, मग आपटला म्हणून फुंकर घातली.

आणि आक्काचे निरोप सुरूच. फोनवर बोलायची तिला लाज वाटायची, म्हणून शेजारणीकडून सांगून पाठवायची. "भिंगरीला म्हणावं, तान्ह्या पोराला याहून लवकर दात येतात."

पुढच्या वर्गात काकांनी डोळे मिटायच्या आधीच बंड केलं.

"बाई, तुमचं हे उलटं आहे. मी कामात असलो की हात बरा, तुम्ही सैल सोड म्हणता की तो सुटतो. श्वासाकडे बघा म्हणता, बघायला गेलो की श्वासही अडखळतो. मी हात थांबवायला आलोय आणि तो इथेच सगळ्यात जास्त चालतो!"

"थांबवायला मी सांगितलं कधी?" श्वासबाई म्हणाल्या. "मी बघायला सांगितलं."

"तेच तर! बघितलं की वाढतो."

"काका, तुम्ही बघत नाही. तुम्ही पहारा देता."

हे काकांना लागलं, कारण पहारा म्हणजे काय हे त्यांना हल्ली घरी चांगलंच समजलं होतं. दारातून डोकावणारी काकू त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. 'झालं का शांत? झालं का शांत?' आपणही हाताला दिवसभर हेच विचारतोय.

ट्रकवाला तळवे चोळत म्हणाला, "काका, मी सांगू? माझे तळवे पेटायचे आणि मग मी पेटायचो. बायकोवर, पोरांवर, क्लीनरवर. इथे येऊन येऊन आता नुसते तळवे पेटतात. मी कमी पेटतो. बाकी काही नाही बघा फरक."

"एवढंच?" काका म्हणाले.

"क्लीनरला विचारा, एवढंच म्हणजे किती ते."

श्वासबाईंनी विचारलं, "श्वास नको वाटत असेल तर दुसरं काही धरू. दिवसभर तुमच्या हातात काय असतं?"

"मेण."

"मग मेण."

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी लागू पडल्यावर काका दुकानात उंच स्टुलावर बसले. दार लोटून घेतलं. पाटी वगैरे काही नाही. मेणाचा एक तुकडा त्यांनी उजव्या हातात ठेवला आणि हात मांडीवर टाकला. हात सुरू झाला. अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, आणि आज तिथे मेण होतं.

ते त्यांनी बघितलं. मेण आधी गार आणि टणक होतं. मग कडा मऊ झाल्या, मग त्याला तो ओळखीचा गोडसर वास सुटला. हात काही केल्या थांबत नव्हता आणि मेण मळलं जात होतं. काका दोन-तीनदा स्टुलावरून उठले, खिडकी उघडली, बंद केली, एक जबडा उगाच सरळ केला. श्वासबाईंनी सांगून ठेवलं होतं, उठलात तर उठलात हेही बघा. काकांनी बघितलं आणि परत बसले. मनात सारखं येत होतं: किती वेळ झाला, आक्का काय म्हणेल, मेणात गाठ पडली तर, ही बोटं कायमची गेली तर. येत होतं, जात होतं, परत येत होतं. मेण फिरत होतं.

शेवटी त्यांनी चिमूट उघडली. आत एक गोळी होती. लख्ख गोल. काकांनी ती उजेडात धरून फिरवून पाहिली. सगळ्या हयातीत, पूर्ण शुद्धीत, चांगल्या हाताने त्यांनी इतकी गोल गोळी कधी मळली नव्हती. ते मोठ्याने हसले. खोलीत एकटेच होते, म्हणजे फळीवरच्या मंडळींसह.

त्यांनी ती गोळी घेतली, खळग्यात बसवली, आणि तिच्यावर आक्काचा पहिला दात ठेवला.

तो बसला.

यापुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं, पण काकू हे वाचणार आहेत. दुसऱ्या दिवशी एकही दात बसला नाही. त्यानंतर एक बसला तो उपटावा लागला. कधी औषधाच्या गोळीचा अंमल उतरला की बोटं अडायची आणि मेणाला हात लावण्यात अर्थ नसायचा. कधी मेण घेऊन बसले की काका इतके वैतागायचे की मेणाची गोळी खिडकीतून बाहेर जायची. शेजारच्या मांजराला एक लागली, तेव्हापासून ते त्या बाजूला फिरकत नाही. पण रीत ठरली. आधी मेण घेऊन बसायचं. हात काय करतोय ते करू द्यायचं. त्याच्याशी चाललेलं भांडण जरा मिटलं की त्या गोळीवर एक दात, आणि मग थांबायचं. पूर्वी ज्या वेळात काका दोन माणसांची तोंडं भरायचे, त्या वेळात आता आक्काची एक बाजू होत होती.

काकूंनी पाटी काढली. फ्रिज सुरू झाला. "मी आता विचारत नाही हो झालं का शांत," त्या म्हणाल्या आणि चार वेळा न विचारता दारातून बघून गेल्या.

मेणाची कवळी घालून बघायचा दिवस आला. आक्का डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत, तोंडावर हात. बाई एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, दारात शेजारीण. आणि काका हातात कवळी घेऊन मधोमध. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर हाताने जे काय मनात होतं ते सगळं करून घेतलं. मेणातले दात खडखडले. कवळी आक्काच्या नाकाशी गेली, मग कानाशी गेली.

"अरे, मला दात घालतोयस की ओवाळतोयस?" आक्का फुसफुसली. तिने सरळ त्यांच्या हातातून कवळी काढून घेतली आणि स्वतःच तोंडात बसवली.

डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला. आक्का बघत राहिली. काका खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागले. एक फेरी, दुसरी फेरी. काकू म्हणाल्या, "अहो, बसा!" त्यांनी ते ऐकलं नाही.

आक्काने वरच्या पुढच्या एका दातावर बोट ठेवलं. "हा वाकडा आहे."

काका थांबले.

"मुद्दाम केलास, की हात हलला?"

सगळे काकांकडे बघू लागले. काका जवळ आले आणि वाकून त्या दाताकडे पाहू लागले. तो दात वाकडा बसवायचा हे त्यांनी ठरवलं होतं. पण बसवताना हातही हलला होता. ठरवलेलं कुठे संपलं आणि हाताने काय केलं, हे त्यांना आता सांगता येईना.

"खरं सांगू आक्का? मला नाही माहीत. अजून मेणातच आहे. सरळ करायचा असेल तर बाई करून देतील."

आक्काने जीभ दातांवरून फिरवली. ओठ मिटले, उघडले. मग आरसा मांडीवर ठेवला, मान ताठ केली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाली:

"नमस्कार. कोणता नंबर हवाय?"

शब्द न् शब्द लख्ख. त्या खोलीत तो आवाज कितीतरी दिवसांनी आला होता. दारातली शेजारीण खरोखरच एक नंबर सांगायला लागली.

"सरळ करू का?" काकांनी परत विचारलं.

"त्या दाताला कुणी हात लावला तर बघा," आक्का म्हणाली. "माझं तोंड आहे ते. कुंपण नाही."

कडक कवळी तयार व्हायला अजून काही दिवस लागले. ती मिळाली त्या दुपारी आक्का दवाखान्यातून घरी गेलीच नाही. पुस्तक पिशवीत घालूनच आली होती. थेट वसतिगृहाच्या रस्त्याला लागली.

"आक्का, अगं थांब! नवीन कवळी टोचते, कडा घासाव्या लागतात!" काका कानस घेऊन मागे धावले. कंपवाताचा माणूस धावू नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून काकू त्यांच्या मागे धावल्या. अशी ती वरात रस्त्याने गेली. सगळ्यात पुढे आक्का, सत्तरी पार, सगळ्यांत वेगात.

वसतिगृहाच्या दालनात मंडळी जमली. आक्काने घसा साफ केला. "नमस्कार," ती म्हणाली, आणि सगळ्यांची तोंडं एकदम तिच्याकडे वळली, दिवा लागल्यासारखी. ती वाचायला लागली.

काकांना उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून ते मागच्या बाकावर बसले. हात मांडीवर गेला आणि सुरू झाला. त्यांनी सवयीने इकडेतिकडे बघितलं, कोण बघतंय म्हणून. कुणीच बघत नव्हतं. खिशात मेणाचा तुकडा होता, तो त्यांनी चिमटीत घेतला.

थोड्या वेळाने शेजारच्या आजोबांनी मान कलती केली. "बाक कोण हलवतंय?"

"मी," काका म्हणाले. "म्हणजे माझा हात. थांबत नाही तो."

"हलू द्या," आजोबा म्हणाले. "पण बोलू नका. इथे वाचन चाललंय."

काका गप्प बसले. गप्प आणि बसले, दोन्ही. पान उलटलं, आणखी एक उलटलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं म्हणून आम्ही विश्वास ठेवतो. हात चालू होता, मेण मऊ होत होतं, आक्काचा आवाज त्या दालनात भरून राहिला होता आणि काका जागचे हलले नव्हते.

तेवढ्यात आक्काने वाक्य अर्ध्यात सोडलं, तोंडात बोट घातलं आणि ऑपरेटरच्या खणखणीत आवाजात हाक मारली:

"भिंगरी! डावीकडे टोचतंय रे!"

सगळं दालन हसलं. काका कानस उपसून, बाकांमधून वाट काढत, केव्हाच निघाले होते.